राक्षसाची सलामी

मालक वारले तेव्हा दारात आलेला जो तो म्हणत होता, देवमाणूस गेला. मालकांना ऐकू आलं असतं तर ते उठून बसले असते आणि तिथंच भांडण काढलं असतं. उभा जन्म ते लोकांना एकच गोष्ट सांगत आले होते, की मी राक्षस आहे. ती कुणी मानली नाही, आणि गेल्यावर एकदम देव करून टाकलं.

मालक म्हणजे माझे घरमालक. नवरा गेल्यावर मी मलकापुरात त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले. सकाळी खानावळीत भाकरी थापायला जायचं, दुपार कलली की परत यायचं. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. खोली बघायला गेले तेव्हाही उंबऱ्याबाहेर उभी राहून नुसती मान हलवत होते. मालकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, राक्षसाला भिता का म्हणून. मी मान आडवी हलवली. "मग ऱ्हावा," ते म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारा डोक्यानं थोडा हलका असावा. पुढं कळलं की थोडा नाही.

मालक तरुणपणी पैलवान होते. कुंडलच्या मैदानात कुस्त्या केलेल्या. माझ्या वेळेपर्यंत छातीची गादी खाली सरकून पोटावर आली होती आणि कान तेवढे पैलवानाचे राहिले होते, जळलेल्या पापडासारखे वळलेले. पण सवयी सगळ्या आखाड्यातल्या. कुठलंही काम करायच्या आधी मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायचे. गॅसची टाकी उचलायची, शड्डू. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही, शड्डू. सकाळी न्हाणीतून शड्डू ऐकू आला की गल्लीला कळायचं, मालकांनी गार पाण्याचा पहिला तांब्या उचलला. कधीकधी दोनतीन शड्डू लागोपाठ यायचे आणि पाण्याचा आवाज यायचाच नाही. त्या दिवशी अंघोळ राहिली असं समजायचं.

कुठल्याही गाडीत चढताना पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचे, आखाड्याच्या मातीला लावावा तसा. एसटी असो नाहीतर रिक्षा असो. रिक्षावाल्यांना बरं वाटायचं.

आणि भांडायच्या आधी समोरच्याशी हात मिळवायचे. कुस्तीत सलामी झाल्याशिवाय अंगाला हात लावत नाहीत, तीच रीत त्यांनी संसारात आणली होती. एकदा कराडच्या स्टँडवर एका कंडक्टरनं त्यांना बसायच्या आधीच घंटी मारली. मालकांनी हात पुढं केला. त्या माणसाला वाटलं, कुणी ओळखीचं असावं. त्यानं हसून हात दिला, घरचे बरे आहेत का विचारलं, आणि मग कराड ते उंब्रज शिव्या खाल्ल्या. मी मागच्या सीटवर पदर तोंडावर घेऊन बसले होते. गल्लीतले लोक हुशार झाले होते. मालकांनी हात पुढं केला की हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. मग मालकांना भांडता यायचं नाही. नुसते लालबुंद होऊन घरात यायचे.

आता राक्षसाचं सांगते. मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा मालक एका मैदानात हरले. चितपट झाले, उठले. अंगभर माती, केस पिंजारलेले, एक डोळा सुजून मिटलेला. कोल्हापूरकडचे कुणी सिनेमावाले कुस्त्या बघायला आले होते. त्यांना आगीनगाडीतल्या राक्षसाचा सिनेमा काढायचा होता आणि राक्षस मिळत नव्हता. मालकांना बघून त्यातला एक म्हणाला, "ह्याला रंग बी लागायचा न्हाई." मालक ही गोष्ट अभिमानानं सांगायचे.

मैदानातून ते तसेच त्यांच्या जीपमध्ये बसून गेले. जवळजवळ महिनाभर घरी नाही. मिरजेच्या बाजूला एका लहान स्टेशनात रुळाच्या टोकाला मोडीत काढलेला एकच डबा उभा होता, त्यात सगळा सिनेमा. गाडीला इंजिन नव्हतं. चार गडी खालून बांबूची तरफ लावून डबा हलवायचे, म्हणजे गाडी पळाली. दोन गडी बाभळीच्या फांद्या घेऊन खिडकीबाहेरून पळायचे, म्हणजे झाडं मागं गेली. फांद्या दोनच. त्यामुळं त्या गाडीला रात्रभर तीच दोन झाडं लागत होती. माणसं कमी म्हणून एकाच उतारूला राक्षसानं तीनदा मारला, एकदा पागोट्यात, एकदा टोपीत आणि एकदा बाईच्या लुगड्यात.

राक्षस म्हणजे धनगराचं काळं घोंगडं, त्याला डांबरानं डकवलेले बकरीचे केस, आणि कागदाच्या लगद्याचा मुखवटा. मुखवट्याला म्हशीची शिंगं. डोळ्यांत बॅटरीचे दोन दिवे, त्यांच्या तारा आतून कमरेच्या सेलला जोडलेल्या. मालक वाकले की एक डोळा विझायचा. मग माणसाचा गळा धरता धरता दुसऱ्या हातानं कमरेवर चापट मारायची, की परत पेटायचा. आतून दिसायचं काहीच नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ज्याचा गळा धरायचा त्याचा सोडून फोटो काढणाऱ्याचा धरला.

"लोकं म्हंत्यात राक्षसाचं काम सोपं," मालक म्हणायचे. "आवं, भिणाऱ्याला काय, नुसतं वरडायचं. भिवावणाऱ्याला घाम किती येतोय ते कुणी बगत न्हाई."

यात मालकांचं तोंड कुठंच दिसत नव्हतं. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांत नाव यावं, तर सिनेमावाल्यांनी राक्षस खरा वाटावा म्हणून तिथं लिहिलं होतं, 'राक्षस : राक्षस'. म्हणजे मालक त्यात होते याला मालक सोडून दुसरा पुरावा नव्हता.

आणि पुरावा त्यांना एकाच माणसासाठी पाहिजे होता.

मी राहायला गेले त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मालकांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज गोठ्यातून ऐकू आला. त्या म्हशीला सांगत होत्या, "म्हशे, सांग तुज्या मालकाला, भाकरी वाढलीया. गार झाली म्हंजी मला सांगू नगं म्हणावं." मालक म्हशीच्या पलीकडंच उभे होते. ते मुकाट्यानं हात धुवायला गेले. मला वाटलं, आज काहीतरी बिनसलंय. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मालक काकूंशी सरळ बोलायचे आणि उत्तर म्हशीकडं जायचं. या कामावर तोवर बऱ्याच म्हशी येऊन गेल्या होत्या. लेक लहान होती तोवर निरोप तिच्याकडं होते. ती सासरी गेल्यावर परत म्हैस. आणि मी आल्यावर जरा लांबलचक निरोप माझ्याकडं आले. मी मधे स्वतःचं काही घालत नाही, म्हणून मी दोघांनाही पटले.

कारण काकूंनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. मालक सिनेमावाल्यांबरोबर गेले तो ऐन ऊसतोडीचा दिवस. टोळी फडात उभी, लेक पाळण्यात, घरात दुसरा कर्ता माणूस नाही. मालकांनी निरोप ठेवला होता, पण ज्या दोस्ताकडं ठेवला तो मैदानातून निघाला तो वाटेत पिऊन पडला, आणि चार दिवसांनी दारात येऊन म्हणाला, "वयनी, पैलवान आगीनगाडीत राक्षस झालाय." काकूंनी त्याच्या अंगावर बादली रिकामी केली. मग लेकराला पाठीशी बांधून त्या फडावर गेल्या आणि सगळा ऊस एकटीनं तोडून घेतला. टोळीतल्या बायका हसायच्या. गावात बोललं गेलं की पैलवान तमाशाच्या फडामागं गेला.

महिन्यानं मालक आले. अंगाला सेंटचा वास, तोंडाला काळं, खांद्यावर राक्षसाचं ते घोंगडं. काकूंनी घोंगडं झटकलं तर त्यातून हिरव्या बांगडीचा तुकडा पडला.

कुठं होता विचारलं, तर मालक म्हणाले, मी राक्षस झालतो.

"काय बाय, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं," काकू मला म्हणाल्या. "मावशी आजारी हुती म्हणावं. मी गप बसले असते."

तो बांगडीचा तुकडा काकूंनी मिसळणाच्या डब्यात ठेवला होता, मोहरीच्या वाटीशेजारी. रोज फोडणी टाकताना तो दिसायचा. इतकी वर्षं मालकांच्या प्रत्येक भाजीत त्या तमासगिरिणीची फोडणी पडत होती असं म्हणायला हरकत नाही. घोंगडं म्हशीच्या अंगावर टाकायला काढलं होतं.

सिनेमा आपल्याकडं आलाच नाही असं नाही. एका यात्रेत तंबूत लागला होता. मालकांनी काकूंच्या माहेरच्या माणसांकरवी काकूंना तिथं नेलं. पण फिल्म झिजलेली. तंबूवाल्यानं मधली रिळं गाळून एकदम शेवट लावला. त्यात डब्याला आग लागलेली, सगळा धूर, आणि धुरात काहीतरी काळं हलतंय. मालक उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "त्यो मी!" मागून कुणीतरी म्हणालं, खाली बस, राक्षस दिसंना. काकू शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ह्यात तर आमची म्हैस बी असंल." ती गोष्ट गावभर झाली. त्यानंतर मालकांनी गाव सोडून मलकापुरात घर बांधलं. म्हैस मात्र बरोबर आणावी लागली. तिच्याशिवाय घरात बोलणं बंद झालं असतं.

मालक मनानं वाईट नव्हते. मी बुजरी म्हणून मला सुधारायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. खानावळीत सगळी मोठी पातेली माझ्याच वाट्याला यायची आणि मी गप घासायची. मालक म्हणाले, "ताई, शब्दाचं काम न्हाई. नुसती डरकाळी पायजे. गळ्यातनं न्हाई, बेंबीतनं." एका दुपारी त्यांनी मला गोठ्यात उभं करून डरकाळी मारायला लावली. माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मालक विचारात पडले. म्हशीनं त्या संध्याकाळी दूध चोरलं. काकू तिला म्हणाल्या, "सांग त्यास्नी, घरात एक राक्षस पुरं हाय. गरीब बाईला बिगडवू नगं म्हणावं." पातेली मी पुढंही घासतच राहिले. पण घासताना मनात डरकाळी यायची आणि हसू यायचं, एवढा फरक पडला.

मग एका दिवाळीला लेक आणि जावई आले. जावई विट्याकडचे. त्यांचं लांब दक्षिणेत गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान. चहाचा कप खाली ठेवून ते मालकांना म्हणाले, "मामा, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फोनवर तिकडचा जुना सिनेमा बघत बसलो होतो. आगीनगाडीत एक राक्षस येतो. त्यानं शड्डू ठोकला आणि मी स्टुलावरनं पडायचा राहिलो."

मालकांच्या हातातली चकली तशीच राहिली.

कुणीतरी तो सिनेमा कधीकाळी तिकडच्या भाषेत करून घेतला होता, आणि आता तो फोनवर आला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जावयांनी फोन टीव्हीला जोडला. लेकीनं काकूंना हाताला धरून आणून बसवलं. काकू पावट्याच्या शेंगा घेतलेलं सूप तसंच हातात धरून आल्या, म्हणजे बघायला आले असं कुणाला वाटायला नको.

मालक आत येईनात. मी बघायला गेले तर गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात टेकून उभे होते. म्हातारा माणूस, पण पहिल्या कुस्तीच्या पोरासारखा आखाड्याबाहेरच थांबलेला.

"ताई," ते म्हणाले, "तुमी सिनेमा बगू नगा. तिचं तोंड बगा. आन मला यिऊन सांगा."

मी दाराशी बसले, काकूंचं तोंड दिसेल अशी.

गाडी सुरू झाली. डबा हलला. खिडकीबाहेरून बाभळीची फांदी गेली, मग दुसरी गेली, मग परत पहिली. लेक हसायला लागली. काकू शेंगा सोलत होत्या. उतारू तिकडच्या भाषेत भराभर बोलत होते, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. पागोटेवाला मेला, टोपी घालून परत आला. मग दार उघडलं, बाहेर काळोख, आणि काळोखात दोन डोळे पेटले.

राक्षसानं डब्याच्या पायरीला हात लावला आणि तो शिंगांखाली कपाळाला लावला.

काकूंचा हात शेंगेवर थांबला.

मग तो आत आला. एक जाड उतारू कोपऱ्यात थरथरत होता. राक्षसानं आधी शड्डू ठोकला. मग पुढं होऊन त्याच्याशी नीट हात मिळवला. भेदरलेल्या त्या माणसानंही, आता काय करावं न कळून, हात दिला. आणि मग राक्षसानं त्याचा गळा धरला. वाकताना एक डोळा विझला. दुसऱ्या हातानं कमरेवर चापट मारली, डोळा पेटला.

जावई हसून हसून खोकायला लागले. लेकीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसण्याचं का कशाचं, मला सांगता येणार नाही. राक्षसानं डरकाळी फोडली, तेवढ्यात बाहेरून खिडकीशी मालकांचा आवाज आला. "ही माजी न्हाई. माजी लय भारी हुती. ही खोकल्यागत हाय." कुणी ऐकलं नाही. काकू ऐकत होत्या बहुतेक, कारण त्यांनी खिडकीकडं बघितलं आणि परत टीव्हीकडं.

शेवटी राक्षसानं नायिकेला खांद्यावर टाकलं. ती बिचारी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, आणि तिच्या हातातल्या बांगड्या घोंगड्यावर फुटून उडत होत्या. काळापांढरा सिनेमा, बांगड्यांचा रंग काही कळत नव्हता. पण काकूंना तो माहीत होता. डब्याच्या टोकाला नेऊन राक्षसानं तिला बाकावर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. डोक्याखाली हात देऊन अलगद. आणि निघताना तिचा पदर सारखा केला.

काकूंनी सूप खाली ठेवलं. पुढं डब्याला आग लागायची होती, ती बघायला त्या थांबल्याच नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या. मिसळणाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग त्या मागच्या दारानं गोठ्यात गेल्या आणि मी त्यांच्या मागं गेले. मला मालकांना सांगायचं होतं, पण काय सांगायचं ते कळलं नव्हतं. काकूंच्या तोंडावर मला काही वाचताच आलं नव्हतं.

मालक ताठ उभे राहिले. काकू म्हशीला वळसा घालून त्यांच्या समोर गेल्या. तो बांगडीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"आवं," काकू म्हणाल्या.

म्हैस सवयीनं काकूंकडं वळली. पण काकू मालकांकडं बघत होत्या.

"आवं, त्या बाईला येवढं अलगद उतरवलं. आन मी नवी नवरी आले तवा मला बैलगाडीतनं गुळाच्या ढेपेगत उतरवली. माजा पाय मुरगळला हुता. याद हाय का?"

एवढ्या वर्षांत मालकांनी या दिवसासाठी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं असेल, पण हे विचारतील असं काही त्यांनी धरलं नव्हतं.

"तिला ताप हुता," ते कसेबसे म्हणाले. "लय ताप हुता त्या दिवशी बिचारीला."

"व्हय का. मुखवट्यातनं दिसत न्हवतं म्हणीत हुता न्हवं? मग ताप बरा कळला?"

काकूंचा पदर खांद्यावरून घसरला होता, त्याकडं मालकांनी बघितलं, पण हात लावायचा धीर झाला नाही. मग हळूच, भिऊन भिऊन, त्यांनी आपला उजवा हात पुढं केला.

गल्लीतलं कुणीही असतं तर हात पाठीमागं बांधून उभं राहिलं असतं. काकूंनी आपला हात पदराला पुसला, पावट्याचा हिरवा रस गेला का बघितलं, आणि मालकांशी हात मिळवला.

मग भांडण सुरू झालं. ऊसतोडीपासून सुरू झालं ते धार काढायची वेळ टळली तरी संपेना. लेक मधे जाऊन बघून आली आणि म्हणाली, जेवायला आपणच वाढून घेऊ. मालक एवढ्या शिव्या खात होते आणि त्यांचं तोंड मैदान मारून आल्यासारखं खुललं होतं.

त्यानंतरची वर्षं ते रोज भांडले. भाकरीवरून, अंघोळीवरून, आणि दिवसातून एकदा त्या बाईच्या तापावरून. माझं निरोपाचं काम गेलं. म्हशीचंही गेलं. ती आपली रवंथ करत एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघायची.

परवा मी पुढच्या घरात काकूंकडं गेले. मालकांचा फोटो भिंतीवर लावलाय, त्यांना नको असलेला, हार घातलेला देवमाणसाचा. काकू चुलीपुढून उठल्या. मला वाटलं फोटोला नमस्कार करतील. त्यांनी पदराला हात पुसला, उजवा तळवा फोटोच्या काचेला लावला, आणि मग म्हणाल्या,

"आवं, ताप हुता म्हणं."